सर जोसेफ व्हिटवर्थ : आटे आणि नेम

मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला व्हिटवर्थ कोण म्हणून विचारा. तो ‘५५ अंश’ म्हणेल आणि गप्प बसेल. बीएसडब्ल्यू थ्रेड शीटवर काढायचा, व्हायवाला कोन सांगायचा, संपलं. पण व्हिटवर्थ हा नुसता कोन नव्हता, हाडामासाचा माणूस होता. त्याने आपल्या काळातली सर्वांत अचूक रायफल बनवली. मला हा माणूस आट्यांपेक्षा या रायफलीमुळे जास्त आवडतो. का, ते सांगतो.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत धाडलं. पोरगा धंदा शिकेल, मोठेपणी गिरणी सांभाळेल असा घरच्यांचा हिशेब. पण त्याचं लक्ष हिशेबाच्या वह्यांत नव्हतं, यंत्रांत होतं. चार वर्षांनी त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून राहिला. १८२५ मध्ये तो लंडनला हेन्री मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये गेला. त्या काळात मॉडस्लेकडे काम करणं म्हणजे आजच्या भाषेत आयआयटीला जाण्यासारखंच.

मेट्रॉलॉजी लॅबमधली सरफेस प्लेट आठवते ना? ती खरंच सपाट आहे हे कशावरून ठरवायचं? दोन प्लेटा एकमेकींवर घासून त्या तंतोतंत जुळल्या तरी एक किंचित फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट असू शकते. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या आणि प्रत्येक प्लेट इतर दोघींशी जुळेपर्यंत उंचवटे खरवडत राहायचं. तिन्ही जोड्या जुळल्या की तिन्ही सपाटच असणार. ही पद्धत व्हिटवर्थने पक्की केली आणि १८४० मध्ये विद्वानांपुढे मांडली. १८३३ पासून मँचेस्टरला त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. १८४१ मध्ये त्याने आट्यांचा प्रश्न हातात घेतला. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. त्याने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि ५५ अंश ठरवला. पुढे इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्रही बनवलं.

आता रायफलीकडे येऊ. १८५४ मध्ये ब्रिटिश सैन्याला एनफील्ड रायफली हजारोंनी हव्या होत्या आणि त्या हाताने घडवणारे कारागीर पुरे पडत नव्हते. सरकारने व्हिटवर्थला रायफल बनवणाऱ्या यंत्रांचं डिझाइन मागितलं. दुसरा कोणी असता तर ऑर्डर घेऊन मोकळा झाला असता. व्हिटवर्थने उलटा प्रश्न केला. मुळात ही रायफल बरोबर आहे का? नळी किती रुंद हवी, तिला पीळ किती हवा, गोळी केवढी लांब हवी, हे कोणी प्रयोग करून ठरवलंय का? कोणीच ठरवलेलं नव्हतं. मग आधी ते शोधू, यंत्रं नंतर.

मँचेस्टरला घराच्या बागेत त्याने ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर लांबीची बंदिस्त चांदमारी बांधली. बंदिस्त अशासाठी की वाऱ्याने गोळी हलू नये. खर्च सरकारचा. शेड उभी राहिली आणि वादळात पडली. ती पुन्हा उभारली आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. गोळीच्या वाटेत पातळ कागदाचे पडदे लावायचे आणि भोकांवरून तिचा मार्ग काढायचा. ६० इंचांत एक फेरा इथपासून थेट एका इंचात एक फेरा इथपर्यंतच्या पिळाच्या नळ्या त्याने तपासल्या.

निष्कर्ष समजायला फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरतं. एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम. व्हिटवर्थने वजन तेवढंच ठेवलं आणि व्यास ०.४५१ इंच केला. हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. वजन तेच, म्हणून हवेत गोळीचा वेग कमी गमावला जातो आणि लांबवर तिचा मार्ग सरळ राहतो. पण व्यास घटला की गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत कोलांट्या खाते. तिला स्थिर ठेवायला भोवऱ्यासारखी जोरात फिरवावी लागते. एनफील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा, म्हणजे ३९ इंची नळीत जेमतेम अर्धा. व्हिटवर्थने २० इंचांत एक फेरा दिला. एवढ्या कडक पिळात शिशाची गोळी खाचा सोडून घसरू नये म्हणून नळीच आतून षटकोनी केली. बहुकोनी नळी त्याच्याआधी ब्रुनेलनेही करून पाहिली होती. व्हिटवर्थची गोळीसुद्धा षटकोनी, नळीत नटबोल्टासारखी बसणारी. आटे करणाऱ्या माणसाला हेच सुचणार!

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नळी चांगली घ्या, मग जी मिळेल ती गोळी घाला, असं इथे चालत नाही. व्यास ठरला की गोळीची लांबी ठरते, लांबीवरून पीळ, पिळावरून नळीचा आकार. दारू किती, गोळीचं शिसं मऊ की कडक, हेही त्यातच आलं. सगळं मिळून एकच मशीन आहे.

१८५७ च्या एप्रिलमध्ये केंट परगण्यातल्या हाइथ इथे दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्यांचं सरासरी विचलन २.२४ फूट, व्हिटवर्थचं ०.३७ फूट, म्हणजे जवळपास सहा पट फरक. १४०० यार्डांवर एनफील्डचा एकही नेम लागला नाही, व्हिटवर्थचे लागत होते.

त्याच वसंतात याच एनफील्डची दुसरी परीक्षा आपल्याकडे चालली होती. ठासणीच्या बंदुकीत गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत, आणि तो कागद दाताने फाडावा लागे. लंडनच्या कागदांवर हा वंगणाचा साधा प्रश्न होता. बराकपूरच्या शिपायाला तो धर्माचा होता. २९ मार्चला मंगल पांडे उठला, १० मेला मेरठ पेटलं. हाइथच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता. आपण डिझाइनच्या पेपरात मटेरियल निवडतो तेव्हा ते कोण हातात धरणार आहे हे कुठे लिहितो?

१ जुलै १८६० उलटला आणि दुसऱ्या दिवशी विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू झाली. व्हिटवर्थची रायफल घोडीवर पक्की बसवली होती. राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी निशाणाच्या मध्याजवळ, दीडेक इंचाच्या आत लागली. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत त्याच्याच रायफली वापरल्या जाऊ लागल्या.

एवढं होऊनही सैन्याने ती घेतली नाही. कारणं अगदीच चुकीची नव्हती. नळी अरुंद, त्यामुळे जळक्या दारूची काजळी लवकर साचायची आणि पुढची गोळी ठासायला जड जायची. किंमतही एनफील्डपेक्षा बरीच जास्त. स्पर्धेतला नेमबाज दोन गोळ्यांच्या मध्ये नळी पुसू शकतो, समोरून शत्रू येत असलेल्या शिपायाला ती सोय नाही. सर्वांत अचूक आणि सर्वांत योग्य या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

ती रायफल युद्धात पोचली ती अमेरिकेत. तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने नाकेबंदी चुकवून काही व्हिटवर्थ रायफली आणल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. काहींवर बाजूला दुर्बीणही होती. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया इथे उत्तरेचा जनरल सेजविक लांबून आलेल्या गोळीने पडला. ती व्हिटवर्थचीच होती असं मानलं जातं. इथे मला थांबायला होतं. बागेतल्या शेडमध्ये कागदाच्या पडद्यांना पडणारी भोकं मोजणं किती निर्मळ काम आहे! पण शेवटी त्या भोकाच्या जागी माणूस उभा असतो. व्हिटवर्थने पुढे तोफाही केल्या, आणि तोफा घडवता घडवता पोलादही सुधारलं.

त्याचा शोध मात्र वाया गेला नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिची नळी ०.४५ इंचाची आणि पीळ २२ इंचांत एक फेरा, म्हणजे व्हिटवर्थच्या आकड्यांच्या अगदी शेजारी. मागून भरायची सोय आली होती, त्यामुळे ठासायची अडचणही उरली नव्हती.

१८६८ मध्ये त्याने वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट अशी की मुलाला पुस्तकही यायला हवं आणि कानसही. त्या आजही दिल्या जातात. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे तो वारला. संपत्तीतला मोठा वाटा मँचेस्टरच्या लोकांच्या कामी आला. तिथल्या आर्ट गॅलरीला आणि बागेला आजही त्याचं नाव आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती रायफल कधी येणार नाही, आणि ते बरंच आहे. पण हॉस्टेलच्या बाथरूममधल्या नळाचे आटे व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे आहेत. बाजारातून कुठलाही नळ आणा, तो बसतो. आणि उद्या नोकरीत कोणी अमुक मशीन बनवून दे म्हणून सांगितलं, तर आधी विचारायला हवं की ते कशासाठी हवंय, ते तसंच का हवंय आणि ते वापरणार कोण. पहिले दोन प्रश्न व्हिटवर्थने शिकवले. तिसरा बराकपूरने.