चांद्याच्या जेलमधला पिंपळ : शहीद बाबुराव शेडमाके आणि संकटकाळातली सत्ता

मोहरममध्ये चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचे दार सर्वसामान्यांसाठी उघडते. एरवी या दारातून कैदी, शिपाई आणि वकीलच ये-जा करतात. पण मोहरमला आतल्या गैबी शाह वली यांच्या दर्ग्याच्या जियारतीसाठी हजारो माणसे रांगा लावतात. त्यात मुसलमान असतात, हिंदू असतात, गोंड आदिवासी असतात. पोराबाळांना घेऊन, उन्हापावसात ताटकळत लोक आत जातात, फातिहा पढतात आणि परत फिरतात.

याच कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथे एका पंचवीस वर्षांच्या गोंड जमीनदाराला फाशी देण्यात आली. त्यांचे नाव वीर बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके. दर वर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी समाज त्यांना अभिवादन करायला इथे जमतो. आपल्यापैकी अनेकांनी जियारत केली असेल, पण त्या पिंपळाची गोष्ट घरातल्या मुलांना किती जणांनी सांगितली? म्हणून आज ती आम्ही सांगत आहोत. कारण ही गोष्ट जितकी गोंडांची तितकीच रोहिल्यांचीही आहे. आणि संकटकाळ जाहीर झाला की जिल्ह्यातली सत्ता कुणाच्या हातात जाते, हा आजचा प्रश्नही तिच्यात आहे.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातल्या किष्टापूरचा. वडील पुल्लेश्वरबापू मोलमपल्लीचे जमीनदार. त्यांच्याकडे २४ गावे होती. आईचे नाव जुर्जाकुंवर. लहानपणी घोटुलात गोंडी रीतिरिवाज, गाणी आणि तिरकमठा शिकून झाल्यावर वडिलांनी मुलाला इंग्रजी शिक्षणासाठी रायपूरला पाठवले. म्हणजे हा तरुण इंग्रजांना लांबून पाहून घाबरलेला नव्हता. त्यांची भाषा आणि त्यांची रीत थोडीफार ओळखूनच तो जंगलात परतला होता.

परतला तेव्हा राज्य बदलत होते. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. गादीला वारस नाही हे कारण दाखवून कंपनी सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यात चांदाही गेले. १८ डिसेंबर १८५४ रोजी आर. एस. एलिस हा चांद्याचा पहिला इंग्रज जिल्हाधिकारी म्हणून रुजू झाला.

इथे कारभाराची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बंगाल, मुंबईसारख्या जुन्या मुलखात कंपनीचे कायदेकानू ठरलेले होते. नव्याने घेतलेल्या नागपूर प्रांतात ते जसेच्या तसे लागू नव्हते. अशा ठिकाणी जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनरच सर्व काही असे. सारा तोच वसूल करी, फौजदारी खटले तोच चालवी, पोलिसांवर हुकूमही त्याचाच चाले. म्हणजे ज्याच्या नावाने तक्रार करायची, न्याय मागायलाही त्याच्याच दारात जायचे. त्याच्या खाली जंगलपट्टीत जमीनदार होते. आपल्या गावांचा बंदोबस्त ते आपल्या माणसांकरवी ठेवत. शांततेच्या काळात ही व्यवस्था कशीबशी चालून जाई. खरी परीक्षा संकटात होणार होती.

ते संकट १८५७ ला आले. मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ आपण शाळेत शिकलो. पण आग आपल्या अंगणापर्यंत आली होती. नागपुरात उठावाचा बेत फसला आणि नवाब कादर अली व त्यांच्या साथीदारांना फासावर चढवण्यात आले. हैदराबादेत १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी इंग्रज रेसिडेन्सीवर चाल केली. पुढे तुर्रेबाज खान मारले गेले आणि मौलवी साहेबांना अंदमानला पाठवण्यात आले. प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की निजामाचा मुलूख लागे. तिथून हे रोहिले शिपाई कामाच्या शोधात आणि कंपनीविरुद्धच्या रागाने चांद्याच्या जंगलात येत-जात होते.

त्या वेळी चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रायटन. गोऱ्या फौजेची मदत हाताशी नाही, आणि जी देशी पलटण आहे तिच्यावर भरवसा नाही, अशा स्थितीत तो जिल्हा धरून होता.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबुरावांनी आदिवासी तरुणांची जंगोम सेना उभी केली. गोंड आणि माडिया पोरे आली, आणि त्यांच्याबरोबर रोहिलेही आले. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. क्रायटनने फौज पाठवली, १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि बाबुरावांची सरशी झाली. मग अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. दोघांनी गोंड आणि रोहिले एकत्र करून कंपनीविरुद्ध उघड बंड पुकारले. गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून दगडधोंडे लोटून फौजेला कसे परतवले, हे त्या भागात आजही सांगितले जाते.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याचा तळ पडला होता. त्यावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटून क्रायटनकडे पोहोचला. तार म्हणजे तेव्हा सरकारचा डोळा आणि कान. ती तोडणे हा लढाईचा भाग होता, हे खरे. पण मारले गेलेले दोघे सैनिक नव्हते, हेही आम्ही लपवणार नाही. शहिदाचे चरित्र सांगताना सोयीचे तेवढेच सांगायचे, ही रीत बरी नव्हे.

यानंतर चक्रे वेगाने फिरली. उठाव दडपण्यासाठी कंपनी सरकारने १८५७ सालीच एकामागून एक कायदे केले होते. एखादा जिल्हा बंडाच्या स्थितीत आहे असे जाहीर करायचे, खास कमिशन नेमायचे, त्या कमिशनने मृत्युदंडापर्यंत शिक्षा द्यायची आणि तो निकाल अखेरचा मानायचा, अशी ती तजवीज होती. अपिलाचा रस्ता बंद. देशभर स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात जीव घेण्याची आणि जीवदान देण्याची सत्ता आली ती या वातावरणात.

क्रायटनकडे सैन्य कमी होते, पण अधिकार भरपूर होते. बाबुरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले. त्याहून मोठा घाव त्याने घातला तो जमीनदारी व्यवस्थेच्या मर्मावर. अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाई (झाशीच्या नव्हेत) यांना त्याने पेचात धरले. मदत केलीत तर बक्षीस, नाही केलीत तर जमीनदारी धोक्यात. ज्या स्थानिक व्यवस्थेने आपल्या माणसांचे रक्षण करायचे, तिलाच सरकारने आपल्या माणसांच्या शिकारीला जुंपले.

बाबुराव बस्तरच्या बाजूला भोपाळपट्टणमकडे गेले. तिथे ते एकदा हाती लागून निसटले, असे सांगतात. त्यांना धरायला गेलेल्यांत लक्ष्मीबाईंच्या पदरचे रोहिले होते, असेही सांगतात. आम्हाला ही गोष्ट लिहिताना जड जाते, पण लिहायला हवी. रोहिले बाबुरावांच्या खांद्याला खांदा लावून लढले, आणि पोटासाठी चाकरी करणारे काही रोहिले दुसऱ्या बाजूलाही होते. गोंडांचेही तसेच. बाबुराव गोंड होते आणि ज्यांच्या माणसांनी त्यांना पकडले ते अहेरीचे घराणेही गोंडच. म्हणून ही लढाई अमुक जातीची किंवा तमुक धर्माची होती असे म्हणता येत नाही. फाटाफूट भीतीने आणि आमिषाने झाली, आणि ती दोन्ही हत्यारे संकटकाळाच्या अधिकारांतून आली.

१८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबुराव कायमचे हाती लागले आणि चांद्याला आणले गेले. २१ ऑक्टोबरला फाशी झाली. पकडल्यापासून फासापर्यंत फक्त तेहेतीस दिवस. फासाचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, अशी लोककथा आहे. ज्या समाजाला वरच्या कोर्टात दाद मागता आली नाही, त्याने आपली दाद कथेत मागितली, असे आम्हाला वाटते.

फाशीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपले. इंग्रज प्रजेच्या खुनात ज्यांचा हात नव्हता अशा बंडवाल्यांना माफी जाहीर झाली. चिंचगुंडीमुळे बाबुरावांना ती मिळाली असती का, शंकाच आहे. पण तो प्रश्न विचारायलाही अकरा दिवस कुणी थांबले नाही. व्यंकटराव बस्तरात दडले होते. १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांना पकडून दिले, त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि मालमत्ता जप्त झाली. त्यांच्या जमीनदारीतली ६७ गावे आणि बाबुरावांचीही गावे अहेरीच्या लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. आणि १८६० सालीच सरकारने आणखी एक कायदा करून बंडाच्या काळात अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांना संरक्षण दिले. म्हणजे अधिकार आधी, जाब कधीच नाही.

आमच्या इतिहासात याच्या उलट उदाहरण आहे. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. हजरत उमर (रजि.) खलिफा होते. संकटकाळात त्यांनी राज्याचा हात सैल केला. जकातीची वसुली पुढे ढकलली, भुकेपोटी चोरी करणाऱ्यावरची कडक शिक्षा थांबवली, इतर प्रांतांतून धान्य मागवले, आणि लोकांना तूप मिळेपर्यंत स्वतः तूप खाल्ले नाही. संकटात सत्ता वाढते हे तिथेही खरे होते. फरक एवढाच की ती सत्ता अमानत मानली गेली, आणि पहिला भार राज्यकर्त्याने स्वतःवर घेतला.

आज आपण कंपनीच्या राज्यात नाही. घटनेत आणीबाणीची तरतूद आहे, पण १९७५ च्या अनुभवानंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. आपत्तीसाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो आपण सर्वांनी अनुभवला. दुकान कधी उघडायचे, मय्यतीला किती माणसे जायची, मशिदीत किती जणांनी नमाज पढायची, हे सारे हुकमाने ठरत होते. भामरागडला पर्लकोटेचा पूर येतो आणि गावेच्या गावे तुटतात, तेव्हाही सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडेच असतात. नाव, धान्य, डॉक्टर वेळेवर पोहोचवायचे तर कुणीतरी एकाने हुकूम द्यायलाच हवा. याला आमचा विरोध नाही.

पण त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे, ती फारशी कुणी वाचत नाही. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि सह-अध्यक्ष लोकांनी निवडलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. नगरपालिका आणि पंचायतींनाही कायद्याने कामे नेमून दिली आहेत. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला स्वतःचा अधिकार आहे. क्रायटनच्या चांद्यात असे काही नव्हते. मात्र २०२२ च्या मार्चमध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. तेव्हा ती सह-अध्यक्षाची खुर्चीच रिकामी पडली. कायद्याने दिलेला मशवरा निवडणूक न झाल्याने हातचा गेला.

म्हणून बाबुरावांची आठवण काढायची ती केवळ हार घालण्यापुरती नको. आपल्या ग्रामसभेला, वॉर्ड सभेला जाऊन बसायला हवे. पावसाळ्याच्या आधी गावाचा आपत्ती आराखडा आहे का, त्यात आपल्या मोहल्ल्याचे, शेजारच्या आदिवासी टोल्याचे नाव आहे का, हे विचारायला हवे. संकट आल्यावर प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो. तेहेतीस दिवस फार लवकर सरतात.

पुढच्या मोहरमला जेलचे दार उघडेल, तेव्हा दर्ग्यावर फातिहा पढून झाल्यावर मुलांना पिंपळाची गोष्ट सांगा. बाबुरावांबरोबर लढलेल्या आणि नावे हरवलेल्या त्या रोहिल्यांसाठीही दुआ करा.