श्रमिकांचा शाहीर अण्णा भाऊ

गावकुसाबाहेरचा माणूस पोटासाठी शहरात गेला म्हणजे माणसात येतो काय? हा सवाल अण्णा भाऊ साठे यांनी डफाच्या थापेवर समाजापुढे मांडला.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, मांग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शाळेने दूर लोटले. पुढे हे कुटुंब पायी मुंबईस आले. अण्णांनी मिळेल ते काम केले, गिरणीत घाम गाळला, अक्षरे स्वतःच गिरवली. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

मुंबईच्या लावणीत त्यांनी मलबार हिलची श्रीमंती आणि परळच्या कामगाराचे हाल समोरासमोर ठेवले. 'माझी मैना'त घरधनीण गावी ठेवून आलेला मजूर बोलतो. भाकरीसाठी राबणाऱ्याला संसारही परका होतो, हे त्या छक्कडीने हजारोंना उमगले. सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णांनी लोकनाट्य म्हणून तोच आवाज पुढे नेला.

१९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वी शेषाच्या फण्यावर नसून श्रमिक-दलितांच्या हातांवर उभी आहे, असा विचार त्यांनी मांडला. १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात, दारिद्र्यातच त्यांचा अंत झाला.

जयंतीस त्यांच्या तसबिरीला हार अवश्य घाला. पण आपल्या वस्तीत आज कोण कुणासाठी, किती मोलाने राबतो, हेही त्या दिवशी विचारा.