सोनपंखी फुलपाखराचा माणूस

पिंपळगाव बसवंतला आमच्या घरामागे कागदी लिंबाचे झाड आहे. पावसाळ्यात त्याच्या पानांवर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या दिसतात. पूर्वी मी त्या वेचून टाकत असे. आल्फ्रेड रसेल वॉलेसचे चरित्र वाचल्यापासून मात्र हात आखडतो.

वॉलेसचा जन्म १८२३ चा, वेल्समधला. घरची ओढगस्त, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. जमीन मोजणीच्या कामावर हिंडताना त्याला झाडापानांचा आणि पुढे किड्यांचा नाद लागला. १८४८ मध्ये तो ॲमेझॉनच्या जंगलात गेला. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाज पेटले आणि जमवलेले बहुतेक सारे जळून गेले. दुसरा कोणी घरी बसला असता. हा १८५४ मध्ये पुन्हा निघाला, आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांकडे. प्राण्यांचे नमुने विकून पोट भरत तो तिथे आठ वर्षे राहिला. उत्क्रांती कशी घडते, याचे उत्तर त्याला १८५८ मध्ये तिथेच तापाने फणफणलेला असताना सुचले. त्याने ते डार्विनला कळवले आणि त्याच वर्षी दोघांचे लेखन लंडनमध्ये एकत्र वाचले गेले.

पुढच्या वर्षी बाचान बेटावर, कित्येक दिवसांच्या पाठलागानंतर, एक फुलपाखरू त्याच्या जाळीत आले. मखमली काळे पंख, त्यांवर धगधगता सोनेरी-नारिंगी रंग. त्याची छाती इतकी धडधडली की, घेरी येते की काय असे त्याला वाटले. दिवसभर डोके ठणकत राहिले. या फुलपाखराला त्याने क्रीसस या गडगंज राजाचे नाव दिले.

त्याच हाताने त्याने ते टाचणीला टोचलेही. पण सुधारलेला माणूस या रानांत पोचला, तर ज्या जिवांच्या सौंदर्याचे त्याला कौतुक, तेच नष्ट होतील, हेही त्याने १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले.

क्रीसस उत्तर मालुकूच्या मोजक्या बेटांवरच आढळते. त्याच्या व्यापारावर आज आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे. पण अळीला खायला आपल्याकडच्या सापसंदाच्या कुळातलेच वेल लागतात. शेजारच्या हालमाहेरा बेटावर निकेलच्या खाणींसाठी जंगल तुटते आहे. करार फुलपाखराची विक्री रोखील. तुटलेला वेल कसा परत आणील? आणि बेटावरच्या जिवाला उडून जायला दुसरे रान नसते.

वॉलेस १९१३ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला. आमच्या चहूकडे द्राक्षबागा आणि त्यांवरच्या फवारण्या. त्यांच्या मधोमध हे लिंबाचे झाड म्हणजेही एक बेटच. चार पाने कुरतडली जातात. जाऊ देत.