हेलन केलर यांची महाविद्यालयातील चार वर्षे

हेलन केलर हे नाव शालेय पुस्तकांमुळे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पंपाच्या धारेखाली हात धरलेली मुलगी आणि तिच्या तळहातावर अक्षरे उमटविणाऱ्या ॲन सलिव्हन बाई, हे चित्र कोणी विसरत नाही. परंतु ही मुलगी पुढे महाविद्यालयात गेली तेव्हा तेथील प्राध्यापक तिच्याशी कसे वागले, हे फारसे सांगितले जात नाही.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी झाला. १९ महिन्यांच्या असताना आलेल्या दुखण्यात त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ च्या मार्चमध्ये सलिव्हन बाई घरी आल्या आणि त्यांनी बोटांच्या लिपीतून हेलन यांना भाषा दिली. बाईंची स्वतःची दृष्टीही अधूच होती.

हेलन यांनी रॅडक्लिफ हे स्त्रियांचे महाविद्यालय निवडले. तेथे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक शिकवीत. १८९९ च्या जूनमध्ये प्रवेशपरीक्षा झाली. सलिव्हन बाईंनी प्रश्नपत्रिका वाचून दाखवू नये, असे अधिकाऱ्यांनी ठरविले व दुसऱ्या एका गृहस्थांकडून त्या ब्रेलमध्ये उतरवून घेतल्या. बीजगणिताची ब्रेल चिन्हे मात्र हेलन शिकल्या होत्या त्याहून निराळी निघाली. हे कळले ते परीक्षेच्या अवघे दोन दिवस आधी! आदल्या रात्रीपर्यंत कंस, महिरप व करणीचे चिन्ह यांची उकल होत नव्हती. अधिकाऱ्यांच्या मनात आकस नव्हता. आपल्या नियमाने काय घडते याची त्यांना कल्पनाच नव्हती. तरीही हेलन उत्तीर्ण झाल्या.

१९०० साली त्या वर्गात जाऊ लागल्या. सलिव्हन बाई शेजारी बसून व्याख्यान त्यांच्या हातावर उमटवीत. हात ऐकण्यात गुंतलेला, मग टिपणे कशी घेणार? घरी आल्यावर आठवेल तेवढे त्या लिहून काढीत. ब्रेलमधील क्रमिक पुस्तके थोडीच होती. बाकीची बाईंना हातावर वाचून द्यावी लागत.

प्राध्यापकांनी त्यांच्यावर अन्याय केला असे नाही. पण बहुतेकांनी जवळीकही केली नाही. जे बोलायचे ते बाईंच्या मार्फत. निबंधलेखन शिकविणारे कोपलँड यांनी मात्र त्यांना स्वतःच्या अनुभवाचे लिहिण्यास प्रवृत्त केले. त्या लेखनातूनच १९०३ चे आत्मचरित्र आकारास आले. आणि विल्यम ॲलन नीलसन या एकाच प्राध्यापकांनी बोटांची लिपी शिकून घेतली, ती आपल्या विद्यार्थिनीशी स्वतः बोलता यावे म्हणून. एरवी ही लिपी म्हणजे केवळ २६ अक्षरे!

१९०४ साली हेलन सन्मानपूर्वक पदवीधर झाल्या. पुढे ग्रंथलेखन, व्याख्याने व अंधांसाठी जगभर प्रवास यांत त्यांचे आयुष्य गेले. १९५५ साली त्या भारतात आल्या. दिल्ली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी हार्वर्डनेही दिली. तेथे हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

नल्लकुंट्याहून विद्यानगरमार्गे उस्मानिया विद्यापीठाकडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. कायदा वर्गात जागा देतो. त्या जागेवर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षण पोहोचविणे अध्यापकांच्याच हाती आहे. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचावे, बोलताना तोंड वर्गाकडे ठेवावे, पुस्तकांची यादी सत्राच्या आरंभीच द्यावी. यास खर्च येत नाही. वर्गातील सोबत्यांनीही पुस्तक वाचून दाखविण्यास आठवड्यातील एखादा तास द्यावा. गौरव पुष्कळांनी केला, पण तो पन्नास वर्षांनी. नीलसन यांनी अक्षरे शिकली ती गरज होती तेव्हा.