तेओफिलो इल्देफॉन्सो
तेओफिलो इल्देफॉन्सो (इ.स. १९०३ – इ.स. १९४२) हे फिलिपिन्सचे जलतरणपटू व सैनिक होते. ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले फिलिपिनो होत. इलोकोस नॉर्ते प्रांतातील पिद्दिग येथे त्यांचा जन्म झाला. पोहणे ते गावाजवळच्या नदीत शिकले. पुढे ते अमेरिकी सैन्याच्या फिलिपिन स्काउट्स दलात दाखल झाले.

१९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यतीत त्यांनी २ मिनिटे ५६.४ सेकंद वेळ नोंदवून कांस्यपदक मिळवले. सुवर्णपदक जपानच्या योशियुकी त्सुरुता यांना मिळाले. चार वर्षांनी लॉस एंजेलस येथे इल्देफॉन्सो यांनी तेच अंतर २ मिनिटे ४७.१ सेकंदांत, म्हणजे नऊ सेकंदांहून अधिक वेगाने पार केले. त्सुरुता यांच्या १९२८च्या विजयी वेळेपेक्षाही ही वेळ सरस होती. तरीही पदक कांस्यच राहिले. त्सुरुता व रेइझो कोइके हे दोघे जपानी त्यांच्या पुढे होते. १९३६ साली बर्लिन येथे ते अंतिम फेरीत सातवे आले.

दुसऱ्या महायुद्धात ते ५७व्या पायदळ रेजिमेंटमधून बतान येथे जपानी सैन्याविरुद्ध लढले. एप्रिल १९४२मध्ये तेथील फौजेने शरणागती पत्करल्यावर ते युद्धकैदी झाले आणि त्याच वर्षी कापास येथील छावणीत मरण पावले.