सर जॉन माल्कम : मंदसोरच्या तहाचा शिल्पकार

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसास मंदसोरचा तह ठाऊक असतो. तो घडवून आणणाऱ्या सर जॉन माल्कम यांचे चरित्र मात्र सहसा वाचनात येत नाही. स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या सतरा अपत्यांच्या कुटुंबात २ मे १७६९ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती ओढग्रस्तीची. त्यामुळे १७८३ साली, पंधरा वर्षेही पुरी झालेली नसताना, ते कंपनीच्या फौजेतील चाकरीसाठी मद्रासेस आले. पुढे त्यांनी फारसी भाषा आत्मसात केली. तिच्या बळावर वेलस्लीने त्यांना इराणच्या दरबारी वकील म्हणून धाडले. १८१५ साली त्यांचा इराणचा इतिहास प्रसिद्ध झाला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांची फौज पराभूत झाली. सरसेनापती हिस्लॉप होते. आघाडीचा हल्ला माल्कमनी चालविला. लगेच ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. राजपूत संस्थानांवरील हक्क व सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख होळकरांनी गमावला, कंपनीची फौज आली. गादी मात्र राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमना शरण आला. त्यास सालीना आठ लाख रुपयांचे वर्षासन मिळाले. ही रक्कम गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना अवाजवी वाटली.

एकाच वर्षी पुण्याचे राज्य खालसा झाले आणि इंदूरचे टिकले. साम्राज्यविस्ताराच्या या दोन रीती अन्यत्रही दिसतात. फ्रेंचांनी १८३० पासून अल्जीरिया जिंकला व १८४८ मध्ये त्याचा उत्तर भाग फ्रान्सचेच प्रांत ठरविला. डचांनी जावात स्थानिक सरदारांना मानमरातब देऊन त्यांच्याकरवी शेतकऱ्यांकडून निर्यातीची पिके काढून घेतली. माल्कम यांची रीत दुसरीच्या जवळची. सिंहासन राजाचे; फौज आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या हाती. यात औदार्य होते, तसाच खर्चाचा हिशेबही होता.

१८२३ साली त्यांनी मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ सिद्ध केला. १८२७ ते १८३० ते मुंबईचे गव्हर्नर होते. ३० मे १८३३ रोजी त्यांचे निधन झाले. नंतर डलहौसीने सातारा, नागपूर, झांशी खालसा केली, बाजीरावाच्या पश्चात नानासाहेबांस वर्षासन नाकारले. त्याची परिणती १८५७ मध्ये दिसली. १८५८ च्या जाहीरनाम्यात आणखी मुलूख न घेण्याचे अभिवचन द्यावे लागले. माल्कम यांचा विचार त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी राज्यकर्त्यांना पटला.

त्या विचारामुळे इंदूरचा मराठी दरबार टिकला आणि त्याच्या आश्रयाने येथे मराठी भाषाही रुजली. परंतु ज्या तहाने आपली भाषा राहिली, त्याच तहाने आपले स्वातंत्र्य गेले, याचा विसर पडता कामा नये. माल्कम यांचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टींची नोंद एकाच पानावर व्हावयास हवी.