‘बुलिट’चा अबोल हिरो

सिनेमात कार चेस सुरू झाला की हातातला मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो की नाही? ‘फास्ट अँड फ्युरियस’ बघा नाहीतर एखादा बॉण्डपट, पाठलाग नसेल तर तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतच नाही. या सगळ्या पाठलागांचा आजोबा म्हणावा असा एक पोलिसपट आहे. नाव ‘बुलिट’, साल १९६८. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढउतारांवर एक हिरवी फोर्ड मस्टँग आणि एक काळी डॉज चार्जर एकमेकींच्या मागे सुटतात. जवळपास अकरा मिनिटं. त्यात संवाद नाहीत. पाठलाग खरा पेटतो तेव्हा तर पार्श्वसंगीतही थांबतं. ऐकू येतात फक्त इंजिनं, टायर आणि गिअर.

त्या मस्टँगमधला माणूस म्हणजे स्टीव्ह मॅक्वीन. जगाने त्याला ‘किंग ऑफ कूल’ म्हटलं. गळाबंद स्वेटर, निळे डोळे, तोंडातून मोजून चार शब्द. तो जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी त्याचा चेहरा टी-शर्टवर आणि घड्याळाच्या जाहिरातीत दिसतो. हा माणूस एवढा गप्प का, हे समजून घ्यायचं तर तुम्हाला मस्टँगमधून उतरून आधी त्याच्या लहानपणात जावं लागेल.

स्टीव्हचा जन्म २४ मार्च १९३० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील विमानाच्या कसरती करणारे. पोरगं तान्हं असतानाच ते घर सोडून गेले. आई अगदी तरुण, आणि दारूच्या आहारी गेलेली. तिने मुलाला मिसुरीतल्या स्लेटर गावी माहेरी सोडलं. तिथे आईचे मामा क्लॉड यांच्या शेतावर तो वाढला. हे क्लॉडआजोबा कडक, पण पोरावर जीव असलेले. चौथ्या वाढदिवसाला त्यांनी त्याला लाल रंगाची तीनचाकी सायकल दिली. वेगाचं वेड तिथूनच लागलं, असं तो पुढे सांगायचा. शाळेत मात्र सगळा आनंद. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यात डिस्लेक्सिया. त्या काळात ते ओळखणार कोण? पोरगा ‘ढ’ ठरला, विषय संपला.

आईने नवा संसार मांडला की ती त्याला बोलावून घ्यायची. सावत्र वडील मारायचे. मग पोरगं रस्त्यावर, टोळक्यात. पुन्हा स्लेटर, पुन्हा आई, पुन्हा मारहाण. शेवटी वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याची रवानगी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या ‘बॉइज रिपब्लिक’ या सुधारगृहात झाली. तिथूनही तो पळाला, पकडून परत आणला गेला. हे सुधारगृह थोडं वेगळं होतं. मुलांनीच आपले प्रतिनिधी निवडायचे, नियम मोडणाऱ्याचं काय करायचं हेही मुलांनीच ठरवायचं. सुरुवातीला इतर मुलांना नकोसा असलेला स्टीव्ह हळूहळू तिथे रुळला. कुणीतरी आपल्याकडे धडपणे बघतंय, हा अनुभव त्याला नवीन होता. हे सुधारगृह लक्षात ठेवा.

सोळाव्या वर्षी तो बाहेर पडला. मिळेल ती कामं केली आणि १९४७ मध्ये मरीन कोअरमध्ये भरती झाला. तिथेही सुट्टी संपल्यावर वेळेवर परतला नाही म्हणून कोठडीची हवा खाल्ली. पण बर्फाळ प्रदेशातल्या एका सरावात रणगाडा बर्फ फोडून पाण्यात जाऊ लागला, तेव्हा आतल्या पाच जणांना यानेच बाहेर काढल्याचं त्याच्या चरित्रांमध्ये नोंदलेलं आहे. १९५० मध्ये तो फौजेतून बाहेर आला. माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकार पैसे द्यायचं. ते घेऊन हा पठ्ठ्या न्यूयॉर्कला अभिनयाच्या शाळेत दाखल झाला. शनिवार-रविवारी मोटरसायकलच्या शर्यती मारायच्या आणि बक्षिसाच्या पैशावर आठवडा काढायचा, असा हिशेब.

पुढचा प्रवास जोरात झाला. १९५८ पासून टीव्हीवरची ‘वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह’ ही वेस्टर्न मालिका, १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, १९६३ मध्ये ‘द ग्रेट एस्केप’. त्यातली तारेच्या कुंपणावरून मारलेली मोटरसायकलची उडी प्रत्यक्षात त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली होती. उलट पाठलाग करणाऱ्या जर्मन शिपायांच्या वेशात काही शॉट्समध्ये खुद्द स्टीव्हच बाइक चालवतोय. म्हणजे हा बाबा स्वतःच स्वतःच्या मागे लागलाय!

याच काळात त्याची एक सवय इंडस्ट्रीत माहीत झाली. हाती स्क्रिप्ट आली की इतर नट आपले संवाद वाढवून मागतात, हा कापून मागायचा. जे डोळ्यांनी सांगता येतं ते तोंडाने कशाला सांगायचं, हा त्याचा खाक्या. यात हुशारी होतीच. पण ज्या पोराला लहानपणी बोलून कधी काही मिळालं नाही, आधी खोलीतल्या मोठ्या माणसाचा चेहरा वाचावा लागला, त्याला हे वेगळं शिकवायची गरज पडली नसणार.

आणि मग आला ‘बुलिट’. मूळ कादंबरीचं नावच ‘म्यूट विटनेस’, म्हणजे मुका साक्षीदार. निर्मिती स्टीव्हच्याच ‘सोलर’ कंपनीची. दिग्दर्शक म्हणून त्याने इंग्लंडच्या पीटर येट्सला आणलं, कारण येट्सच्या ‘रॉबरी’ या सिनेमातला लंडनच्या रस्त्यांवरचा पाठलाग त्याला आवडला होता. गंमत बघा, पोलिसांपासून पळत वाढलेला मुलगा आता पोलीस अधिकारी होणार होता. त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खऱ्या पोलिसांना जवळून पाहिलं. डेव्ह टॉस्की या अधिकाऱ्याचं खांद्याला लावायचं पिस्तुलाचं होल्स्टर त्याला इतकं आवडलं की त्याने तसंच स्वतःसाठी घेतलं. हाच टॉस्की पुढे ‘झोडिअ‍ॅक’ खुनांच्या तपासात होता. डेव्हिड फिंचरच्या ‘झोडिअ‍ॅक’मध्ये मार्क रफालोने ज्याची भूमिका केली, तोच हा.

गोष्ट साधी वाटते. लेफ्टनंट फ्रँक बुलिटकडे एका साक्षीदाराच्या संरक्षणाचं काम येतं. चॅल्मर्स नावाच्या पुढाऱ्याला त्या साक्षीवर नाव कमवायचंय. साक्षीदारावर गोळ्या झाडल्या जातात, तो हॉस्पिटलमध्ये मरतो आणि बुलिट ही बातमी दाबून ठेवून स्वतः तपासाला लागतो. चॅल्मर्स सतत बोलतो, धमकावतो, आमिष दाखवतो. बुलिट नुसता बघतो. हॉस्पिटलच्या प्रसंगात खरे डॉक्टर आणि नर्स आहेत. एका दृश्यात तो दुकानात जाऊन फ्रीझरमधली तयार जेवणाची पाकिटं न बघताच गठ्ठ्याने उचलतो. एकट्या माणसाचं घर कसं असतं, हे सांगायला दिग्दर्शकाला एक वाक्यही खर्चावं लागलं नाही.

पाठलागाचं शूटिंग सुमारे तीन आठवडे चाललं. गाड्यांनी ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला होता. स्टीव्हला सगळं स्वतःच चालवायचं होतं. पण एका वळणावर गाडी पुढे गेली, टायरचा धूर निघाला आणि मग धोक्याचे शॉट्स पुन्हा बड एकिन्सकडे गेले. ते चुकलेलं वळण सिनेमात तसंच ठेवलंय. चार्जर चालवणारा बिल हिकमन हा पट्टीचा स्टंट ड्रायव्हर. लालो शिफ्रिनने पाठलागाआधी संगीत चढवत नेलं आणि ऐन वेळी बंद केलं. संकलक फ्रँक केलरला ऑस्कर मिळालं. हो, नीट बघितलंत तर तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडताना दिसेल आणि चार्जरची चार चाकं असूनही त्याहून जास्त व्हील कॅप्स उडालेल्या दिसतील. तरीही पाठलाग खोटा वाटत नाही. निर्माता फिलिप डी’अँटोनी याने तीन वर्षांनी ‘द फ्रेंच कनेक्शन’ केला, तेव्हा हिकमन तिथेही होता.

यानंतर स्टीव्ह शिखरावर होता आणि घसरणही तिथूनच सुरू झाली. १९७० मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत डाव्या पायाला प्लास्टर असताना तो पीटर रेव्हसनसोबत दुसरा आला. पण शर्यतीवरचा त्याचा लाडका सिनेमा ‘ल माँ’ १९७१ मध्ये आपटला. घरही मोडलं. पहिली पत्नी नील अ‍ॅडम्स हिने नंतर पुस्तक लिहिलं. त्यात त्याची व्यसनं, बाहेरची प्रकरणं, त्याने उचललेला हात, सगळं आहे. पोस्टर बघून भारावून जाताना हेही आपल्याला माहीत असायला हवं. गप्प माणसाच्या आत काय साठतं आणि ते कुणावर निघतं, हे कूल या शब्दात बसत नाही.

‘द टॉवरिंग इन्फर्नो’नंतर, मानधन सर्वात जास्त असताना, तो जवळजवळ गायबच झाला. परतला तो इब्सेनच्या ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’मध्ये, दाढी आणि लांब केस वाढवून. सत्यजित राय यांनी ज्यावर ‘गणशत्रू’ केला, तेच हे नाटक. आयुष्यभर संवाद कापणारा नट इथे पानंच्या पानं बोलत होता. स्टुडिओला त्याचं काय करायचं ते कळेना. सिनेमा धड प्रदर्शितच झाला नाही.

१९७९ च्या अखेरीस त्याला मेसोथेलिओमा हा कर्करोग असल्याचं निदान झालं. हा आजार अ‍ॅस्बेस्टॉसशी जोडलेला आहे. फौजेत असताना जहाजावरच्या पाइपांचं अ‍ॅस्बेस्टॉस काढायला लावलं होतं, त्यातून हे झालं असावं, असा त्याचाच अंदाज होता. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हात टेकले. मग तो मेक्सिकोत गेला, सिद्ध न झालेले उपचार घेतले, शेवटी धोका पत्करून शस्त्रक्रिया करवली. ७ नोव्हेंबर १९८० ला तो गेला. वय पन्नास.

आता ते सुधारगृह. निर्मात्यांना स्टीव्हबद्दल एक तक्रार असायची. करार करताना हा जीन्स आणि दाढीची यंत्रं ढिगाने मागतो. लोक म्हणायचे, एवढा मोठा स्टार आणि किती कंजूष! तो माल जायचा चिनोला, बॉइज रिपब्लिकच्या मुलांना. स्टीव्ह तिथे अधूनमधून जायचा, मुलांशी पूल खेळायचा, तासन्‌तास बोलत बसायचा. त्यांची पत्रं आली की उत्तर द्यायचा. याचा गाजावाजा त्याने केला नाही. मृत्युपत्रातही त्याने संस्थेसाठी पैसे ठेवले आणि आज तिथे त्याच्या नावाचं करमणूक केंद्र आहे.

‘बुलिट’मधली ती मस्टँग स्टीव्हने १९७७ मध्ये परत विकत मागितली होती, मालकाने दिली नाही. २०२० मध्ये ती ३४ लाख डॉलरच्या बोलीवर गेली. तो सौदा राहू द्या, सिनेमा मात्र बघा. पाठलागात मस्टँगच्या आरशात चेहरा दिसला की समजा, गाडी स्टीव्ह चालवतोय. आणि चेस संपला म्हणून बंद करू नका. शेवटी बुलिट पहाटे घरी येतो, हात धुतो आणि आरशात बघतो. काहीच बोलत नाही. तोवर तुम्हाला त्याची गोष्ट ठाऊक झालेली असेल, तेव्हा तो चेहरा जरा थांबून बघा.